फुंकर एकच, पण न्याय दोन!

माणसाचा श्वास हा आता पुरावा झाला आहे. रस्त्यावर पोलीस गाडी थांबवतात, तोंडासमोर यंत्र धरतात, 'फुंक' म्हणतात आणि काचेवर आकडा उमटतो. त्या आकड्यावर माणसाचा परवाना, त्याची नोकरी आणि प्रसंगी त्याचे स्वातंत्र्य अवलंबून राहते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. हा गुन्हा रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणूनच हा आकडा येतो कसा, हे हातावर पोट असणाऱ्या प्रत्येक चालकाला ठाऊक असले पाहिजे. कारण हा आकडा माणूस किती प्याला एवढ्यावरच ठरत नाही. त्याने श्वास कसा घेतला, किती वेळ रोखला आणि किती वेळ सोडला, यावरही तो ठरतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा लेख दारुड्यांची वकिली करण्यासाठी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी आपल्याला ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते. दारूने सर्वात आधी आपल्याच वस्त्यांतले संसार उद्ध्वस्त केले आणि दारूविरुद्ध सर्वात आधी उभ्या राहिल्या त्याही आपल्याच आया-बहिणी. दारू पिऊन गाडी चालवणारा माणूस रस्त्यावरच्या निष्पाप माणसांच्या जिवाशी खेळतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे जालना जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या सिंदखेडराजा परिसरात, समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस पेटली आणि २५ प्रवाशांचा कोळसा झाला. चालकाच्या रक्तात अल्कोहोलचा अंश सापडल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल पुढे वृत्तपत्रांतून आला. असे प्रकार थांबलेच पाहिजेत आणि त्यासाठी तपासणी झालीच पाहिजे. आमचा प्रश्न तपासणी व्हावी की नाही हा नाही. तपासणी सर्वांसाठी सारखी आणि शास्त्राला धरून होते की नाही, हा आमचा प्रश्न आहे.

हे यंत्र काम कसे करते ते आधी समजून घेऊ. पोटात गेलेली दारू रक्तात मिसळते आणि रक्ताबरोबर फुप्फुसात येते. तिथे रक्त आणि हवा यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो. त्या पडद्यातून अल्कोहोलचा काही अंश हवेत उतरतो आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो. २१०० मिलिलिटर श्वासात जेवढे अल्कोहोल असते तेवढेच १ मिलिलिटर रक्तात असते, असे गृहीत धरून यंत्र श्वासावरून रक्ताचा आकडा काढते. याचा अर्थ असा, की कायद्याची ३० मिलिग्रॅमची मर्यादा श्वासात मोजायची तर एक लिटर हवेत एका मिलिग्रॅमचा जेमतेम सातवा हिस्सा शोधायचा असतो. चांगल्या यंत्रात फ्युएल सेल असतो. श्वासातल्या अल्कोहोलवर तिथे रासायनिक क्रिया होऊन वीज निर्माण होते आणि त्या विजेवरून आकडा निघतो. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की २१०० हे प्रमाण सरासरी माणसाच्या बाबतीत थोडे चालकाच्याच बाजूने झुकलेले आहे. ब्रिटनच्या कायद्याने सुमारे २३०० हे प्रमाण धरले आहे. पण सरासरी माणूस रस्त्यावर कधी भेटत नाही. रस्त्यावर भेटतो तो एकेक हाडामांसाचा माणूस, त्याच्या स्वतःच्या छातीचा आणि त्याच्या स्वतःच्या श्वासाचा.

इथेच श्वास घेण्याच्या पद्धतीचा प्रश्न येतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ ए. डब्ल्यू. जोन्स यांनी १९८२ मध्ये याच विषयावर प्रयोग प्रसिद्ध केले. निरोगी पुरुषांना दारू देऊन, निरनिराळ्या पद्धतीने श्वास घ्यायला लावून त्यांनी मोजमाप केले. फुंकण्यापूर्वी ३० सेकंद श्वास रोखून धरला तर श्वासातला अल्कोहोलचा आकडा सरासरी १५.७ टक्क्यांनी वाढला. पाच मिनिटे तोंड मिटून नाकाने उथळ श्वास घेतला तर तो ७.३ टक्क्यांनी वाढला. वीस सेकंद सावकाश श्वास सोडला तर २ टक्क्यांनी वाढला. याउलट फुंकण्याआधी २० सेकंद धापा टाकल्यासारखा भराभर श्वास घेतला तर आकडा १०.६ टक्क्यांनी कमी झाला. रक्त तेच, दारू तीच, माणूस तोच, यंत्रही तेच. बदलली ती फक्त श्वासाची चाल.

असे का होते? श्वास रोखला की हवा फुप्फुसात आणि श्वासनलिकेत जास्त वेळ थांबते, अधिक गरम होते आणि अधिक अल्कोहोल उचलते. भराभर श्वास घेतला की श्वासनलिका थंड पडते, बाहेरची कोरडी हवा आत-बाहेर करते आणि अल्कोहोल कमी उचलले जाते. श्वास एक अंश सेल्सिअसने जास्त गरम असेल तर आकडा सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे अंगात ताप असलेल्या माणसाचा आकडा त्याच्या रक्तापेक्षा जास्त बोलू शकतो.

आता हे टक्के जालन्याच्या रस्त्यावर आणून पाहू. समजा, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून लोखंडी सळया भरून एक ट्रक निघाला. चालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरला २७ मिलिग्रॅम अल्कोहोल आहे. त्याने प्यायला नको होते, पण कायद्याच्या मर्यादेत तो आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हेगार नाही. रात्रीच्या अंधारात बॅटरीचा झोत डोळ्यावर येतो. खाकी वर्दी समोर दिसताच आपल्या माणसाचा श्वास आपोआप रोखला जातो, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्याला तेच शिकवत आला आहे. अर्धा मिनिट रोखलेला तो श्वास त्याने यंत्रात सोडला आणि आकडा १५.७ टक्क्यांनी वाढला, तर २७ चे ३१ होतात. तो गुन्हेगार ठरला! आता दुसरा माणूस घ्या. त्याच्या रक्तात ३३ आहेत, म्हणजे तो खरोखर दोषी आहे. पण तो माहीतगार आहे. गाडीतून उतरता उतरता त्याने वीस सेकंद भराभर श्वास घेतला. ३३ चे साडेएकोणतीस झाले आणि तो 'जा साहेब' म्हणून सुटला. भ्यालेला निर्दोष अडकला आणि निर्ढावलेला दोषी सुटला. यात यंत्र खोटे बोललेले नाही. यंत्राने समोर आलेला श्वास मोजला. तो श्वास कसा घेतला गेला आहे, हे पाहायचे काम माणसाचे होते आणि ते माणसाने केले नाही.

हे वाचून कोणी असा समज करून घेऊ नये, की श्वासाच्या युक्त्यांनी दारूडा सुटतो. ज्याच्या रक्तात ९० मिलिग्रॅम आहेत त्याने कितीही धापा टाकल्या तरी आकडा ८० च्या खाली फारसा जाणार नाही, म्हणजे मर्यादेच्या अडीच पटीवरच राहील. आणि ज्याने दारूला स्पर्शही केला नाही, त्याने तासभर श्वास रोखला तरी आकडा वाढणार नाही. शून्याला कशानेही गुणा, उत्तर शून्यच येते. श्वासाच्या पद्धतीचा खेळ चालतो तो मर्यादेच्या आसपासच्या आकड्यांत. पण कायद्याची रेघ जिथे आखलेली आहे तिथेच तर न्याय-अन्यायाचा फैसला होतो! २९ ला माणूस घरी जातो आणि ३१ ला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. त्या दोन आकड्यांमध्ये एका घाबरलेल्या श्वासाचे अंतर आहे.

छातीचा आकार हा दुसरा मुद्दा. बहुतेक यंत्रांना ठराविक वेळ सलग फुंकून साधारण एक ते दीड लिटर हवा लागते. धिप्पाड माणसाला तेवढी हवा म्हणजे श्वासाचा लहानसा हिस्सा. लहान चणीच्या माणसाला, वृद्धाला, स्त्रीला, दम्याच्या किंवा क्षयाच्या रुग्णाला तेवढी हवा देण्यासाठी फुप्फुस जवळजवळ रिकामे करावे लागते. फुंकर जसजशी लांबते तसतसा श्वासातला अल्कोहोलचा आकडा चढत जातो. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे संशोधक मायकेल हलास्टाला यांनी २००७ मध्ये हाच मुद्दा मांडला, की लहान फुप्फुसाच्या माणसाला यंत्रासाठी आपल्या श्वासाचा मोठा हिस्सा द्यावा लागतो आणि म्हणून त्याचा आकडा तुलनेने जास्त येतो. 'अजून फुंक, अजून फुंक' असे ओरडणाऱ्याला याची कल्पना नसते. आणि ज्याच्या छातीत तेवढा दमच नाही, त्याची फुंकर यंत्र स्वीकारत नाही. मग 'मुद्दाम फुंकत नाही' असा शेरा त्याच्या कपाळी बसतो. भट्टीजवळ वर्षानुवर्षे धूर गिळलेला कामगार रात्रपाळी संपवून मोटारसायकलवर घरी निघाला असेल, तर त्याची अर्धवट फुंकर हा नकार समजायचा की आजार? कायदा 'योग्य कारणाशिवाय' दिलेल्या नकाराबद्दल बोलतो. पण छातीचा आजार हे योग्य कारण आहे, हे त्या क्षणी रस्त्यावर कोण ऐकून घेणार?

तिसरी गोष्ट तोंडातल्या अल्कोहोलची. श्वासाच्या पद्धतीने शून्याचे काही होत नाही हे खरे, पण तोंडात नुकताच अल्कोहोलचा अंश आलेला असेल तर न पिणाऱ्याचाही आकडा येऊ शकतो. खोकल्याची काही औषधे, तोंड धुण्याची काही द्रावणे, होमिओपॅथीचे थेंब, आणि आपल्याकडे घरोघरी असणारी द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारखी आसवे-अरिष्टे यांत अल्कोहोल असते. त्याचा थेंब जिभेवर असताना फुंकले तर यंत्र तोंड मोजते, रक्त नव्हे. पंधरा मिनिटे थांबले आणि साध्या पाण्याने चूळ भरली की हा अंश निघून जातो. केरळात जुलै २०२५ मध्ये पंदळम येथील सरकारी बस आगारात चालकांनी पिकलेला फणस खाल्ला आणि यंत्राने त्यांना मद्यपी ठरवले. मग न प्यालेल्या माणसाला फणस खाऊ घालून तपासले, तेव्हा त्याचाही आकडा आला आणि चालकांची सुटका झाली. आपल्या एसटीच्या आगारांतही चालकांची अशी तपासणी होते. जालना, अंबड, परतूर, जाफराबाद या आगारांतल्या चालक-वाहकांनी ही केरळची गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे चालक सुटले ते संघटितपणे 'पुन्हा तपासा' म्हणाले म्हणून.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. या सगळ्या अडचणींवर उपाय नाही काय? आहे! आणि तो आपल्या देशातच, सरकारच्याच नियमात लिहिलेला आहे. फक्त तो जमिनीवरून चालणाऱ्यांसाठी नाही, आकाशातून उडणाऱ्यांसाठी आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांच्या आणि विमान कर्मचाऱ्यांच्या श्वास तपासणीसाठी सविस्तर नियमावली केली आहे. तिच्यात यंत्र आधी कोरे तपासून शून्य दाखवते की नाही हे पाहायचे असते. पहिल्या फुंकरीत अल्कोहोल आढळले तर १५ ते २० मिनिटे थांबून दुसरी फुंकर घ्यायची असते. या वेळात वैमानिकाला तोंड धुण्याची, चूळ भरण्याची मुभा असते. दुसऱ्या फुंकरीपूर्वी यंत्र पुन्हा कोरे तपासायचे असते. निकालाची छापील नोंद होते. तपासणीचे कॅमेऱ्यात चित्रण होते. २०२३ च्या सुधारणेत तर अल्कोहोल असलेले तोंड धुण्याचे द्रावण वापरू नका, त्यामुळे तपासणी सकारात्मक येऊ शकते, हेही लिहून ठेवले. वैमानिकाला मर्यादा शून्याची, म्हणजे ट्रकचालकापेक्षा कितीतरी कडक आहे. ती तशी असलीच पाहिजे. पण नियम कडक असूनही पद्धत न्यायाची आहे, हे इथे लक्षात घेतले पाहिजे.

मग आम्ही विचारतो, वैमानिकाचे फुप्फुस आणि ट्रकचालकाचे फुप्फुस यांत फरक काय? तोंडातला अल्कोहोलचा अंश वैमानिकाच्याच तोंडात १५ मिनिटे टिकतो आणि ऑटोरिक्षावाल्याच्या तोंडात टिकत नाही काय? शास्त्र सर्वांना सारखे, यंत्राचे तत्त्व सारखे, चूक होण्याची शक्यता सारखी. पण चूक दुरुस्त करण्याची संधी मात्र एकाला लेखी नियमाने मिळते आणि दुसऱ्याला ती समोरच्या माणसाच्या मर्जीवर सोडलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ मध्ये फुंकर घेण्याचा अधिकार आहे. पण किती वेळ थांबायचे, किती वेळा फुंकायचे, चूळ भरू द्यायची की नाही, याची पायरीवार पद्धत त्या कलमात नाही. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले, तिचे हे आधुनिक रूप आहे. ती आता पाणवठ्यावर उभी नसते, ती यंत्राच्या नळीत बसलेली असते. संविधानाच्या अनुच्छेद १४ ने कायद्यापुढे समानता आणि कायद्याचे समान संरक्षण दिले. समान शिक्षा हा त्या समानतेचा अर्धाच भाग झाला. समान पद्धत हा उरलेला अर्धा भाग आहे आणि तो अजून रस्त्यावर उतरलेला नाही.

कोणी म्हणेल, रक्ताची तपासणी आहे ना! आहे. कलम २०४ प्रमाणे अटक झालेल्या चालकाला नोंदणीकृत डॉक्टरकडे रक्ताचा नमुना देण्यास पोलीस सांगू शकतात. पण शब्द पाहा, 'पोलीस सांगू शकतात'. 'माझे रक्त तपासा' असे चालकाने म्हटल्यास ते तपासलेच पाहिजे, असा स्पष्ट हक्क या कलमात चालकाला दिलेला नाही. शिवाय वेळेचा प्रश्न आहे. शरीर दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम अल्कोहोल कमी करते. घनसावंगी किंवा मंठ्याकडच्या एखाद्या आडवाटेवर पकडलेल्या माणसाचे रक्त दोन तासांनी काढले, तर ते फुंकरीच्या वेळचा आकडा सांगणार नाही. त्यातून निर्दोषही सिद्ध होणार नाही आणि दोषीही नीट सापडणार नाही. रक्त घ्यायचे तर ते तातडीने घ्यायला हवे, त्यावर वेळ लिहायला हवी आणि ते सीलबंद होऊन औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेपर्यंत नीट पोहोचायला हवे.

न्यायालयांनी याबाबत वेळोवेळी सावध भूमिका घेतलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये बच्चूभाई करियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याच राज्यातल्या दारूबंदीच्या प्रकरणात सांगितले, की तोंडाला वास येणे, झोकांड्या जाणे, बोलणे अडखळणे एवढ्यावरून माणूस दारू प्याला हे सिद्ध होत नाही. रक्ताची किंवा लघवीची तपासणी हाच खात्रीचा मार्ग. त्याच निकालाचा आधार घेऊन पाटणा उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये, केवळ श्वास विश्लेषक यंत्राचा अहवाल हा दारू प्याल्याचा निर्णायक पुरावा नाही, असे म्हटले. ही प्रकरणे दारूबंदीच्या कायद्याची आहेत आणि वाहन कायद्यात श्वास तपासणीला स्वतःचे स्थान आहे, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. पण धडा एकच आहे. शिक्षा द्यायची तर पुरावा पक्का हवा.

आणि पुरावा पक्का नसल्याचा फायदा आजवर कोणाला झाला? २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री मुंबईत वांद्र्याला फुटपाथवर झोपलेल्या कष्टकऱ्यांच्या अंगावर गाडी गेली. एक जण मेला, चार जखमी झाले. अभिनेता सलमान खान यांना सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये दोषी ठरवले आणि १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. रक्ताचा नमुना कसा घेतला, कसा ठेवला, कसा पाठवला, यातल्या त्रुटींवर उच्च न्यायालयाने बोट ठेवले. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात आलिशान गाडीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. त्या प्रकरणात अल्पवयीन चालकाचा रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. पहिल्या प्रकरणात आरोपीने पुराव्याची चिरफाड केली, तो त्याचा कायदेशीर हक्कच होता. आमची तक्रार त्या हक्काबद्दल नाही. तो हक्क वापरायला लागणारा नामवंत वकील अंबडच्या ट्रॅक्टरचालकाला परवडत नाही, ही आमची तक्रार आहे. तो एक दिवसाचा रोज बुडवून न्यायालयात येतो, 'गुन्हा कबूल' म्हणतो, उसनवारी करून दंड भरतो आणि परवाना निलंबित झाला की घरी बसतो. त्याने खरोखर मर्यादा ओलांडली होती की भीतीने रोखलेल्या श्वासाने ती ओलांडली, हा प्रश्न त्याच्या वतीने कोणी विचारतच नाही.

पोलिसांचीही एक बाजू आहे आणि ती मांडली पाहिजे. मनुष्यबळ कमी, रात्रीची वेळ, रस्त्यावर गाड्यांची रांग, समोरचा माणूस हुज्जत घालणारा. प्रत्येकाला १५ मिनिटे थांबवायचे तर नाकाबंदी कशी चालवायची? उत्तर सोपे आहे. थांबवायचे सर्वांना नाही. पहिल्या फुंकरीत आकडा मर्यादेवर आला, तेवढ्यांनाच थांबवायचे. शून्यवाला लगेच जाईल. उरलेल्यांसाठी पंधरा मिनिटे आणि दुसरी फुंकर एवढाच खर्च आहे. ब्रिटनमध्ये पुराव्यासाठी श्वासाचे दोन नमुने घेतात आणि त्यांतला कमी आकडा धरतात. यामुळे तिथे दारूडे मोकाट सुटले असे झाले नाही. उलट, दुसरी फुंकर पोलिसांच्याही फायद्याची आहे. पहिल्या वेळी धापा टाकून आकडा उतरवणारा चलाख माणूस पंधरा मिनिटे देखरेखीखाली शांत बसवला, तर दुसऱ्या वेळी त्याची युक्ती चालणार नाही. मात्र त्यासाठी मर्यादेच्या जरा खाली आलेल्यांनाही, म्हणजे पंचवीस ते तीसच्या दरम्यानच्यांनाही दुसरी फुंकर द्यायला लावली पाहिजे. नीट पद्धत निर्दोषाला वाचवते आणि दोषीला पकडते. पद्धतच नसेल तर दोन्ही होत नाही.

यंत्राच्या तपासणीचा प्रश्नही इथेच येतो. जालन्याच्या मोंढ्यात शेतकऱ्याचे सोयाबीन तोलणाऱ्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो आणि तो ठराविक मुदतीत पुन्हा घ्यावा लागतो. काटा खोटा निघाला तर व्यापाऱ्यावर खटला होतो. सोयाबीन तोलणाऱ्या काट्याला शिक्का, मग माणसाचे स्वातंत्र्य तोलणाऱ्या यंत्राला का नको? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२५ मध्ये श्वास विश्लेषक यंत्रांना वैधमापनाच्या चौकटीत आणणारे मसुदा नियम जाहीर केले. हे पाऊल योग्यच आहे. पण नियम दिल्लीत होतात आणि फुंकर बदनापूरच्या फाट्यावर मारली जाते. या दोन्हींमधले अंतर चळवळीलाच कापावे लागते, हा आपला जुना अनुभव आहे.

म्हणून जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी, चालक-मालक संघटनांनी आणि कामगार संघटनांनी पुढील मागण्या घेऊन जिल्हा पोलीस अधीक्षक आणि उपप्रादेशिक परिवहन अधिकारी यांच्याकडे गेले पाहिजे. प्रत्येक चालकासमोर यंत्र आधी कोरे तपासून शून्य दाखवावे. प्रत्येकाला नवी नळी द्यावी, कारण एकाच नळीतून क्षयासारखे रोग पसरू शकतात. फुंकण्यापूर्वी चालकाला मिनिटभर नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा आणि कसे फुंकायचे ते मराठीत, नीट शब्दांत सांगावे. आकडा मर्यादेच्या आसपास आला तर चूळ भरू देऊन पंधरा मिनिटांनी दुसरी फुंकर घ्यावी आणि कमी आकडा धरावा. दोन्ही आकड्यांची, वेळेची आणि यंत्राच्या क्रमांकाची छापील प्रत चालकाच्या हातात द्यावी. छातीचा आजार सांगणाऱ्याला नकार देणारा न ठरवता रक्त तपासणीसाठी न्यावे. आणि चालकाने मागणी केली तर रक्त तपासणी झालीच पाहिजे, असा स्पष्ट हक्क कायद्यात यावा. यातली एकही मागणी दारूच्या बाजूची नाही. सगळ्या मागण्या सत्याच्या बाजूच्या आहेत.

आपल्या चालक बांधवांनाही चार गोष्टी सांगणे कर्तव्य आहे. पहिली आणि शेवटची गोष्ट एकच, गाडी चालवायची तर दारूला शिवायचे नाही. तपासणीला नकार देऊ नका, न्यायालयात नकार तुमच्याच विरुद्ध जातो. घाबरून श्वास रोखू नका आणि कोणी शिकवले म्हणून धापाही टाकू नका. शांतपणे नेहमीसारखा श्वास घ्या आणि सांगितले तेवढेच फुंका. औषध घेतले असेल, दमा असेल, अंगात ताप असेल तर फुंकण्याआधी तसे सांगा. आकडा मान्य नसेल तर हुज्जत न घालता दुसरी फुंकर आणि रक्त तपासणी मागा आणि ती मागितल्याचे लिहून घ्यायला लावा. गुन्हा केला नसेल तर केवळ एका दिवसाचा रोज वाचवण्यासाठी 'कबूल' म्हणू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तो तुमचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

ज्या समाजाच्या सावलीचाही एके काळी विटाळ मानला गेला, त्या समाजाला मोजमापाच्या राजकारणाची ओळख वेगळी करून द्यायला नको. आपल्याला नेहमी मोजले गेले ते दुसऱ्याच्या मापाने. संविधानाने माप एक केले. एक माणूस, एक मत, एक मूल्य! मग एक माणूस आणि एक फुंकर यांचेही मूल्य एकच असले पाहिजे. विमानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला मिळणारी पंधरा मिनिटे आणि दुसरी फुंकर समृद्धी महामार्गाच्या टोलनाक्यावर उभ्या असलेल्या माणसालाही मिळाली पाहिजे. जालन्यातून ही मागणी उठली तर ती राज्यभर जायला वेळ लागणार नाही. कामाला लागू या!

जय भीम!